लाल पानं पाहिजेत? मग कात्री काढा

आमच्या गेटजवळचं सायझिजियम, म्हणजे ते लाल पालवीचं शोभेचं झाड, सध्या लै भारी दिसतंय, शेंडे सगळे तांबडे-केशरी, आणि रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस एकच विचारतंय, खत कुठलं घालता ओ? आता कोल्हापूर म्हणजे उसाचा पट्टा, झाड म्हटलं की पहिला युरियाच आठवतो आपल्याला. पण खरं सांगू का, खताचा आणि या लालीचा फारसा संबंधच नाही. युरिया जास्त झाला तर वाढ नुसती लुसलुशीत होते आणि मग मावा, पिठ्या ढेकूण आलेच म्हणून समजा. वर्षातनं दोनदा शेणखत नाहीतर गांडूळखत, बास.

लाल असतं ते फक्त कोवळं पान. त्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, पान जून झालं की हरितद्रव्य वाढतं आणि ते हिरवं होतं. चैत्रात जोतिबाला जाताना पिंपळाची तांबूस पालवी बघता ना, तसलाच प्रकार. फरक एवढाच की सायझिजियमला पालवी तुम्ही पाहिजे तेव्हा आणू शकता, कारण याची पानं जोडीजोडीनं येतात, जोडीच्या जरा वर शेंडा उडवला की खालचे दोन्ही डोळे फुटतात, म्हणजे एका शेंड्याचे दोन, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं तांबडं.

मी कात्री लावते पाऊस उघडल्यावर आणि परत थंडी सरताना. भर मे महिन्यात नको, कोवळी पानं करपतात. आणि आमच्याकडच्या जुलैच्या झडीत तर अजिबात नको, कापलेल्या जागी बुरशी धरते. सारखं छाटलं की पांढरी झुबकेदार फुलं बघायला मिळत नाहीत, पण मला पानांचंच वेड, चालतंय.

ऊन मात्र भरपूर पाहिजे. शेजारच्या काकींनी कुंडी जिन्याखाली ठेवलीय आणि म्हणतात नर्सरीवाल्यानं फसवलं, पानं हिरवीच येतात. काकी, त्या बिचाऱ्याचा काय दोष, सावलीत ते लाल होणार कसं!

जमीन काळी असेल तर पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यात लाल माती आणि थोडी वाळू मिसळा. बोअरचं पाणी जड असेल तर पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं, ती लोहाची कमतरता, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं की फरक पडतो.

हे आपल्या जांभळाच्या आणि लवंगेच्या कुळातलंच झाड बरं का, दिसायला नाजूक वाटलं तरी मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं, तेव्हा भिंतीला चिकटून लावू नका. कुंपण करायचं असेल तर दीड-दोन फुटांवर एकेक लावा, आणि नर्सरीत सगळ्यात लाल रोप बघून उचलू नका, बुडापासनं फुटवे असलेलं घ्या, लाली घरी आणता येते.