झाकलेल्या लेन्समागच्या आडव्या पट्ट्या

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची छोटी कार्यशाळा आहे आणि तिथे औषधाच्या बाटल्यांवरची छपाई तपासणारे कॅमेरे तयार होतात. यंदाच्या नव्या बोर्डावर पहिले चित्र आले, तेव्हा त्यात फिकट आडव्या पट्ट्या होत्या. 50 हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात आणि रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या सेन्सरमध्ये त्यांच्याही अशाच पट्ट्या उमटतात, म्हणून सर्वांत आधी लेन्सवर झाकण बसवून वर काळे कापड टाकले. पट्ट्या तशाच राहिल्या. त्यांचा प्रकाशाशी संबंध नव्हता, त्या सप्लायमधून, म्हणजे बोर्डाच्या वीजपुरवठ्यातून येत होत्या.

पट्ट्या आडव्याच का, याचे उत्तर सेन्सरच्या रचनेत आहे. आजच्या बहुतेक सीमॉस प्रकारच्या सेन्सरमध्ये प्रत्येक स्तंभाला स्वतःचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग असतो आणि एका ओळीतले सगळे पिक्सेल एकाच वेळी वाचले जातात. आमच्या सेन्सरमध्ये सगळ्या स्तंभांना मिळून एकच रॅम्प, म्हणजे एकसारखे चढत जाणारे व्होल्टेज पुरवला जातो. त्याचे व्होल्टेज पिक्सेलच्या व्होल्टेजला ओलांडते त्या क्षणी त्या स्तंभाचा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग पलटतो आणि काउंटरवर तेव्हा असलेला आकडा त्या पिक्सेलची किंमत ठरतो. त्यामुळे सप्लाय हलून रॅम्प किंचित वर सरकला, तर 1,920 स्तंभांची किंमत एकदम आणि एकाच दिशेने चुकते. पूर्ण पल्ला 1 व्होल्टचा धरला तर 12 बिटांच्या एडीसीची एक पायरी 0.244 मिलिव्होल्टची असते, म्हणजे चूक किती लहान असली तरी पुरते ते लक्षात येईल. शिवाय सुट्या पिक्सेलांचा विखुरलेला नॉइज, म्हणजे नको असलेला चढउतार डोळा खपवून घेतो, पण सलग रेघ त्याला लगेच खुपते. म्हणून ओळींचा नॉइज पिक्सेलच्या नॉइजच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावा, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे.

मी नेहमीच्या सवयीने सप्लायचा चढउतार शोषणारे कपॅसिटर वाढवायला निघालो होतो. आमचे वरिष्ठ म्हणाले, "आधी पट्ट्या मोज, मग सोल्डरिंगची गन उचल." त्यांचे ऐकले ते बरे झाले. दर पावणेसात ओळींनी पट्टी परत येत होती. सेकंदाला 30 चित्रे आणि चित्रामागे 1,125 ओळी, म्हणजे ओळींची वारंवारिता 33.75 किलोहर्ट्झ, पावणेसातने भागले की बरोबर 5 किलोहर्ट्झ येतात. बोर्डावर 5 किलोहर्ट्झचे काहीच चालत नव्हते, पण वेगाने चालू-बंद होत सप्लायचे व्होल्टेज राखणारा स्विचिंग रेग्युलेटर 680 किलोहर्ट्झच्या आसपास चालत होता आणि ओळींच्या वारंवारितेची वीसपट 675 किलोहर्ट्झ होते. मधला फरक नेमका 5. प्रत्येक ओळ वाचताना रेग्युलेटरची लाट थोडी पुढे सरकलेली सापडत होती आणि त्या सरकण्याचेच चित्र आम्हाला दिसत होते. याची खातरजमा आपोआप झाली. मे महिन्यात दुपारी एसी बंद पडला, बोर्ड तापला, रेग्युलेटरची वारंवारिता किंचित उतरली आणि आमच्या डोळ्यांदेखत पट्टीचे अंतर साडेआठ ओळींच्या जवळ गेले.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. पिक्सेल दोनदा वाचतात, आधी रिसेटची पातळी आणि मग सिग्नल, आणि दोन्हींची वजाबाकी करतात. या पद्धतीला सीडीएस म्हणतात आणि तिच्यामुळे सप्लायचा नॉइज जातो असे सर्रास धरून चालतात. तो जातो, पण दोन वाचनांमधल्या काळात फारसा न बदलणाराच. आमच्याकडे हे अंतर 8 मायक्रोसेकंदांचे होते आणि तेवढ्या वेळात 680 किलोहर्ट्झची लाट 5.44 चक्रे पुरी करते. साडेपाचच्या इतके जवळ म्हणजे पहिले वाचन लाटेच्या माथ्यावर असेल तर दुसरे जवळपास तळाशी पडते आणि वजाबाकीत नॉइज जाण्याऐवजी सुमारे दुप्पट होतो.

रेग्युलेटरच्या पुढे त्याची लाट दाबणारा एलडीओ, म्हणजे आणखी एक रेग्युलेटर होता, पण त्याच्या माहितीपत्रकात लाट दाबण्याचे ठळकपणे छापलेले 70 डेसिबल 1 किलोहर्ट्झचे होते. 1 मेगाहर्ट्झपाशी त्याच आलेखात 30 डेसिबलच उरतात. 70 डेसिबल म्हणजे तीन हजार पटींहून जास्त घट, तर 30 म्हणजे जेमतेम 32 पट. 10 मिलिव्होल्टची लाट त्यातून 0.3 मिलिव्होल्ट होऊन बाहेर पडते, म्हणजे एका पायरीहून जास्तच.

खरा इलाज वेळेचा होता. रेग्युलेटरला बाहेरून ताल देता येतो त्या सिंक पिनला सेन्सरच्याच क्लॉकमधून काढलेले 675 किलोहर्ट्झ दिले. आता प्रत्येक ओळ लाटेच्या त्याच टप्प्यावर वाचली जाते, चूक सगळ्या ओळींत सारखीच येते आणि काळ्या, म्हणजे प्रकाश नसतानाच्या पातळीच्या वजाबाकीत निघून जाते. पट्ट्या त्याच संध्याकाळी गेल्या. कपॅसिटरचे काम त्यानंतर हाती घेतले. 10 मायक्रोफॅरडच्या इवल्याशा सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता 3.3 व्होल्टवर निम्म्यापर्यंत उतरू शकते, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या आकाराचे आणले आणि ॲनालॉग सप्लायच्या पिनच्या बरोबर खाली, बोर्डाच्या मागच्या बाजूला बसवले. सप्लायची लाट मोजताना प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून स्प्रिंग लावली, कारण क्लिपचा तो वेढाच रेग्युलेटरचा नॉइज पकडून दाखवतो.

चित्राच्या कडेच्या झाकलेल्या पिक्सेलांची सरासरी काढून ती ओळीतून वजा करावी, असाही प्रस्ताव होता. मी तो मान्य केला नाही. पिक्सेलचा नॉइज 2 पायऱ्यांचा असेल तर 64 पिक्सेलांच्या सरासरीत 0.25 पायरी उरते आणि ती सबंध ओळीला लागते. दहाव्या हिश्श्याची मर्यादा मात्र 0.2 ची आहे. म्हणजे दुरुस्तीच नव्या रेघा ओढेल. त्यासाठी किमान 100 झाकलेले स्तंभ हवेत आणि या सेन्सरमध्ये तेवढे नाहीत.

आता उरली आहे ती सेन्सरची स्वतःचीच हालचाल. बाटलीचे पांढरे लेबल ओळभर पसरले की शेकडो कंपॅरेटर जवळजवळ एकाच क्षणी पलटतात, प्रवाहाचा झटका बसतो आणि त्याच ओळींतला उरलेला भाग किंचित काळवंडतो. पुढच्या बोर्डात सेन्सरखालचा ग्राउंडचा थर अखंड ठेवून तिथले व्हाया, म्हणजे बोर्डाचे थर जोडणारी छिद्रे दुप्पट करत आहोत. नमुना आला की सर्वांत आधी पांढरे लेबलच समोर धरणार आहे.