पाणी मारायचं नाही असं काँक्रीट

माझे बाबा नागपुरात गवंडीकाम करतात. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता ते वर जाऊन आळी करतात, पाणी भरतात, कॉलमला गोणपाट गुंडाळतात. लहानपणी शाळेला सुट्टी असली की पाइप धरून पाणी मारायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे एम.टेक.ला जिओपॉलिमर काँक्रीटचा विषय घेतला तेव्हा क्युरिंगची, म्हणजे ओतलेलं काँक्रीट पक्कं होईपर्यंत जपण्याची, मला चिंताच नव्हती. पुढे सगळा वेळ त्यातच गेला.

या काँक्रीटमध्ये सिमेंट नसतं. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अॅश, आम्ही आणली होती. राखेत सिलिका आणि अॅल्युमिना असतात. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणात ते विरघळतात आणि त्यांची नव्याने साखळी जुळते. जोसेफ डेव्हिडोव्हिट्स या फ्रेंच संशोधकाने 1970च्या दशकात याला ‘जिओपॉलिमर’ हे नाव दिलं. टनभर सिमेंट बनवताना साधारण 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आमच्याकडे राखेचे तलाव भरून वाहतात. हा विषय मला मनापासून हवा होता.

पहिलं कास्टिंग डिसेंबरात केलं. द्रावण 12 मोलरचं, म्हणजे लिटरभर द्रावणात 480 ग्रॅम कॉस्टिक. पाण्यात कॉस्टिकचे फ्लेक्स, म्हणजे पापुद्र्यांसारखे तुकडे, थोडे-थोडे टाकायचे, फ्लेक्सवर पाणी कधीच ओतायचं नाही. बादली हात लावू देणार नाही इतकी तापते, म्हणून द्रावण आदल्या दिवशी करून ठेवायचं. हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय झाकण उघडू नका, हे मी कळकळीने सांगते. शिवाय पोत्याचं तोंड उघडं राहिलं की फ्लेक्स हवेतली ओल धरतात, गोळे होतात आणि वजनाचा हिशोब चुकतो.

चोवीस तासांनी साचे उघडले. पहिल्याच क्यूबचा, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याचा, कोपरा हातात आला. दुसऱ्यावर अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उमटली. आणि मग मी तेच केलं जे आयुष्यभर पाहिलं होतं: उरलेले तीन क्यूब पाण्याच्या टाकीत सोडले. सकाळी टाकीतलं पाणी साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत झालं होतं, क्यूबच्या कडा झिजून तळाला राखाडी गाळ बसला होता. त्याच टाकीत दुसऱ्या मुलांचेही क्यूब होते. लॅबमधल्या काकांनी काही न बोलता टाकी उपसायला मदत केली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर वाचून, विचारून उलगडलं. सिमेंट पाणी पितं, त्याच्याशी संयोग पावूनच घट्ट होतं. इथे पाणी फक्त अल्कली, म्हणजे कॉस्टिक आणि सिलिकेट, वाहून नेतं, साखळी जुळताना ते उलट बाहेर पडतं. वरून पाणी दिलं की न जुळलेली अल्कली धुऊन जाते. कॅल्शियम कमी असलेल्या राखेला हवी असते ती ऊब, साधारण 60 ते 80 अंश, चोवीस तास. नागपूरच्या डिसेंबरातल्या रात्रीत ती कुठून मिळणार?

दुसऱ्या खेपेला साचे ओव्हनमध्ये ठेवले, पण उघडेच. वरचा थर आधी सुकला, केसासारख्या भेगा पडल्या, काही दिवसांनी पांढरी भुकटी फुलली. तिसऱ्या खेपेला साचे दिवसभर तसेच राहू दिले, मग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून 60 अंशांवर चोवीस तास ठेवले. उघडल्यावर टिचकी मारली तर खणखणीत आवाज.

तिसऱ्या दिवशी क्यूब दाबयंत्राखाली ठेवला. गाठायची ताकद 30 मेगापास्कल, 150 मिलिमीटरच्या क्यूबला म्हणजे 675 किलोन्यूटन भार. भार ठरलेल्या वेगाने वाढवला तर तिथे पोहोचायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. ती दोन मिनिटं मी आकड्यावरून डोळे हलवले नाहीत. 675 मागे पडला, 700 मागे पडला, मग कडेने कपची उडाली. 28 दिवसांनी त्याच खेपेचे उरलेले क्यूब फोडले, ताकद फारशी वाढलेली नव्हती. जी यायची ती उबेतच येऊन गेली होती.

पण साइटवर ओव्हन नसतो. म्हणून थोड्या राखेऐवजी पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीच्या मळीची भुकटी, म्हणजे जीजीबीएस घातली. तिच्यातल्या कॅल्शियममुळे साध्या हवेतही काँक्रीट धरतं, मात्र फार लवकर. सिलिकेटमुळे माल आधीच चिकट, त्यात पंधरा मिनिटं उशीर झाला तर मिक्सर खरवडत बसावं लागतं. ते क्यूब फोडल्यावर आत निळसर-हिरवा रंग दिसला. एक तुकडा घरी नेला.

बाबांनी तो उजेडात फिरवून पाहिला, थापीच्या टोकाने ओरखडला. “काऊन, याले पाणी नाही मारत?”

सगळं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, “मंग बीम ओतला तं भट्टी कुठून आणू?” प्रश्न नेमका होता. आपल्याकडची 2020ची मार्गदर्शक तत्त्वं, आयएस 17452, प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतून तयार केलेल्या, मालापुरतीच आहेत: पेव्हर ब्लॉकसारखा माल, जो कारखान्यात गरम करता येतो. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियात टूवूंबाजवळच्या वेलकॅम्प विमानतळावर 2014च्या सुमारास सुमारे 40,000 घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट जागेवरच ओतलं, मळी आणि राखेचंच. ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

मे महिन्यात गच्चीवर नवीन माल कालवून ओतला. ओव्हनऐवजी नागपूरचं ऊन आणि काळी ताडपत्री. बाबा कामावरून आले, सवयीने पाइपकडे वळले, थांबले, आणि ताडपत्रीचं उडणारं टोक विटेखाली दाबून विचारलं, “खोलायचं कवा?”

“उद्या सकाळी,” मी म्हटलं.