शिल्पकार गेले, घरं राखली कुणी?

पॅरिसला गेलेला माणूस शिल्पकार रोदँच्या संग्रहालयात जातोच. त्याच्या ‘विचारवंत’ या पुतळ्यासमोर फोटो, बागेत एक फेरी, की शिल्पकलेचा कोटा पुरा. मला या वेळी लहान जागा बघायच्या होत्या. शिल्पकारानं जिथे उभं आयुष्य काढलं, मातीचे गोळे थापले, भाडं थकवलं, अशा. माँपार्नास भागात अशी तीन संग्रहालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका दिवसात तिन्ही होतात, फक्त सोमवार टाळायचा, त्या दिवशी तिन्ही बंद.

पहिलं बुर्देलचं. अंत्वान बुर्देल १८८५ मध्ये स्टेशनजवळच्या या बोळात राहायला आला आणि १९२९ मध्ये मरेपर्यंत इथेच काम करत राहिला. पुढे त्या रस्त्यालाच त्याचं नाव मिळालं. बाप लाकडी फर्निचर घडवणारा कारागीर. स्वतः बुर्देलनं १८९३ पासून पंधरा वर्षं रोदँच्या हाताखाली काढली. रोदँ मातीत मूर्ती करायचा आणि ती संगमरवरात उतरवण्याचं धुळीचं काम बुर्देलसारखे लोक करायचे.

आत शिरलं की आधी मोठं दालन लागतं. ते १९६१ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला बांधलेलं. अर्जेंटिनाचा सेनानी जनरल आल्व्हेआर याच्या ब्युनोस आयर्समधल्या अश्वारूढ स्मारकाचं पूर्ण आकाराचं प्लास्टर इथे उभं आहे. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. खरं सांगायचं तर मला ते फारसं भिडलं नाही. स्मारकं चौकातच बरी. बाजूच्या बागेतला धनुर्धारी हेराक्लीस, ग्रीक पुराणातला वीर, मात्र सोडवेना. १९०९ चं काम. एक पाय खडकावर रोवलाय, सगळं अंग ताणलंय, आणि धनुष्याला ना दोरी आहे ना बाण. तरी आता सुटणार असं वाटत राहतं. यासाठी उभा राहिलेला माणूस घोडदळातला अधिकारी होता. माझा चेहरा ओळखू येता कामा नये, ही त्याची अट. म्हणून धड त्याचं आणि डोकं बुर्देलच्या मनातलं.

खरी मजा जुन्या स्टुडिओत. उंच छत, भलीमोठी काचेची खिडकी, लाकडी जमीन, आणि जिकडेतिकडे प्लास्टर. मोठ्या संग्रहालयात आपण पाहतो ते ब्राँझ, म्हणजे कामाचं शेवटचं टोक. माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यावरून साचा घेऊन प्लास्टरची प्रत काढायची. टिकणारं पहिलं रूप ते. ओतकाम करणाऱ्याकडे जाते तीही हीच प्रत. एका अर्धपुतळ्याजवळ वाकून पाहिलं तर गालावरून कानामागे जाणारी केसाएवढी उंच रेघ दिसली. साच्याचे दोन तुकडे जिथे जुळले तिथली. ब्राँझमध्ये ती घासून काढतात. इथे कुणी घासलेली नाही.

कुणी घासली नाही, फेकलं नाही, जागा विकली नाही, याचं श्रेय बुर्देलच्या बायकोला. क्लेओपात्र सेव्हास्तोस, ग्रीसहून शिकायला आलेली त्याची विद्यार्थिनी. नवरा गेल्यावर मधलं महायुद्ध धरून वीस वर्षं ती आणि मुलगी रोदिया या पसाऱ्याच्या मागे राहिल्या, तेव्हा कुठे १९४९ मध्ये संग्रहालय उघडलं. इथून पुढे दिवसभर मी पुतळ्यांबरोबर बायकांचाही शोध घेत होतो.

दुसरी जागा जाकोमेत्तीची. हा बुर्देलचाच विद्यार्थी, पण गुरूच्या अगदी उलट वाटेनं गेलेला. गुरूचं सगळं भरदार, चेल्याचं काडीसारखं. इथे एक खुलासा हवा: हा मूळ स्टुडिओ नाही. तो रू इपोलीत-मँद्राँवर होता, जेमतेम तेवीस-चोवीस चौरस मीटरची खोली. १९२६ पासून १९६६ मध्ये मरेपर्यंत, पैसा आल्यावरही, त्यानं ती सोडली नाही. २०१८ मध्ये उघडलेल्या या संस्थेत तीच खोली पुन्हा उभी केली आहे. तुम्ही बाहेर उभं राहून आत बघता: बाटल्या, ब्रश, टेबल, अर्धवट मूर्ती, आणि भिंती. भिंतींवर त्याची रेखाटनं आहेत आणि त्या खऱ्याखुऱ्या आहेत. जागा सोडायची वेळ आली तेव्हा त्याची बायको आनेत हिनं रेखाटनांसकट भिंतींचे भाग काढून घेतले आणि जपले! सामान बांधणारे बरेच असतात, भिंती बांधून नेणारी ही एकच.

ती त्याच्यासमोर तासन्‌तास मॉडेल म्हणून बसायची. आज त्याच्या कामाची जी संस्था आहे, तीही तिच्याच मृत्युपत्रातून उभी राहिली. पुनर्रचना म्हणून मी जरा नाक मुरडूनच गेलो होतो, पण खोलीचा आकार पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख कळली. एवढ्याशा जागेत मॉडेलपासून लांब सरकायला वावच नाही. दूर दिसणारा माणूस दाखवण्याचा त्याचा सगळा खटाटोप अशा खोलीत चालला होता.

काहींनी अर्थात सोय स्वतःच लावली. रोदँनं १९१६ मध्ये सगळं फ्रेंच सरकारला देऊन टाकलं. ब्रांकुशी या शिल्पकारानं १९५६ मध्ये स्टुडिओ सरकारला दिला, तो होता तसा पुन्हा मांडायचा, या अटीवर. एखादं शिल्प विकलं गेलं की मांडणी बिघडू नये म्हणून तो त्या जागी प्लास्टरची प्रत ठेवायचा, इतका हट्टी. पाँपिदू केंद्र या आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोरचा तो स्टुडिओ मी पूर्वी पाहिला आहे. वस्तू जिथल्या तिथे, पण मध्ये काच. आता केंद्र दुरुस्तीसाठी २०२५ पासून बंद आहे.

शेवटचं, आणि माझं सगळ्यात आवडतं, झादकिनचं. रू दासासवर एका इमारतीखालचा बोळ पकडायचा, की अचानक बाग, बागेत शिल्पं आणि मागे ठेंगणं पांढरं घर. आजच्या बेलारूसमधल्या व्हितेब्स्क भागातून आलेला ओसिप झादकिन १९२८ पासून १९६७ पर्यंत इथे राहिला. मध्ये युद्धाची वर्षं न्यू यॉर्कमध्ये काढली, कारण ज्यू माणसाला पॅरिसमध्ये थांबणं शक्य नव्हतं. रॉटरडॅमच्या बंदराजवळ १९५३ पासून उभी असलेली, छातीत भगदाड पडलेली, हात आभाळाकडे फेकलेली, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराची मूर्ती याचीच. इथे मात्र लाकूड बघावं. खोडाचा कल जिकडे, तिकडे मूर्तीची मान. एके ठिकाणी तर लाकडाला गेलेली चीर त्यानं अंगाची घडी म्हणून तशीच राहू दिलीय.

घर राखलं त्याच्या बायकोनं, व्हालांतिन प्राक्सनं. ती स्वतः चित्रकार. युद्धात नवरा अमेरिकेत आणि ही फ्रान्समध्येच. १९८१ मध्ये ती गेली, मृत्युपत्रानं सगळं पॅरिस शहराला दिलं आणि पुढच्याच वर्षी संग्रहालय सुरू झालं. नाव एकट्या झादकिनचं आहे. माझ्या मते पाटीवर दोघांची नावं हवी होती.