३१२ आणि ५६

शाळेच्या वैद्यकीय खोलीतील छापील नोंदवहीत तारीख, वेळ, नाव, तक्रार आणि उपचार एवढेच रकाने असतात. पोटदुखी, ताप, खरचटलेला गुडघा यांच्यासाठी ते पुरेसे आहेत. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलासाठी मात्र नाहीत. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज टोचून घ्यावे लागते, आणि साखरेचा आकडा खाण्यावर, खेळण्यावर व शेवटच्या इन्सुलिनच्या वेळेवर तासातासाला बदलत राहतो. म्हणून पुण्यातील आमच्या शाळेत अशी एक मुलगी सहावीत दाखल झाली, तेव्हा शाळेची नर्स म्हणून मी तिच्यासाठी स्वतंत्र वही घातली आणि हाताने रेघा मारून रकाने वाढवले: सकाळी घरी कोणते इन्सुलिन किती युनिट व किती वाजता घेतले, डब्यातले किती संपले, पीटीचा तास होता का, बोट धुऊन कोरडे केले होते का, आणि त्या वेळी तिला काय होत होते, तेही तिच्याच शब्दांत.

या शेवटच्या रकान्याबद्दल मी फार आग्रही आहे. ‘अस्वस्थ वाटते’ असे लिहिले, तर पुढे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तिच्या वहीत ‘फळ्यावरची अक्षरे हलतात’ आणि ‘कोणी बोलले की राग येतो’ अशी वाक्ये होती, आणि ती दोन्ही साखर उतरलेली असतानाच लिहिली गेली होती. साखर चढली की ती वेगळे सांगायची: तहान, आणि सारखे बाथरूमला जावेसे वाटणे.

संक्रांतीनंतरचा शाळेचा पहिला दिवस होता. दुपारी पावणेबाराच्या सुमारास वर्गशिक्षिका तिला हाताला धरून घेऊन आल्या. वर्गात तिने स्वतःच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासली होती आणि आकडा ३१२ आला होता. बाईंनी लगेच आईला फोन लावला होता. आईचे म्हणणे, डॉक्टरांच्या कागदावर ३००च्या वर गेल्यास ३ युनिट द्यायला सांगितले आहे, तेव्हा सिस्टरांना द्यायला सांगा. आईचे चुकले नव्हते. कागदावर खरोखरच तसे लिहिलेले होते, आणि तो कागद माझ्याकडच्या वहीत चिकटवलेला होता.

पण समोरची मुलगी ३१२ची वाटत नव्हती. कपाळावर घाम होता, ओठ फिके पडले होते आणि “काय होतंय गं?” असे विचारल्यावर तिने “काही नाही होत मला!” असे तोडून उत्तर दिले. मी वही उघडली. सकाळी सात वाजता तिने घरी साधे (लवकर काम करणारे) आणि दुधाळ (दिसायला गढूळ, सावकाश काम करणारे) असे दोन्ही इन्सुलिन एकत्र घेतले होते. साध्या इन्सुलिनचा जोर साधारण दोन ते चार तासांनी सर्वांत जास्त असतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच दुधाळ इन्सुलिनचा जोर चढू लागतो. याच अवधीत त्या दिवशी पीटीचा तास झाला होता. मागची पाने चाळली, तर पीटीच्या दिवशी याच वेळेला आकडे ७०च्या आसपास, कधी त्याखालीही दिसत होते. ३००च्या वरचा आकडा या वेळेला एकदाही नव्हता.

मी तिचे हात पाहिले. उजव्या हाताच्या बोटांना तीळ चिकटलेले होते.

“सिस्टर, मी तिळगूळ वाटत होते. खाल्ला नाही अजून, डब्याबरोबर खाणार होते,” ती म्हणाली.

बोटावर गुळाचा किंवा फळाच्या रसाचा पुसटसा अंश राहिला, तरी तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि पट्टी खोटा, चढा आकडा दाखवते. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून दुसऱ्या हाताच्या बोटावर पुन्हा तपासले. ५६. ७०च्या खाली साखर गेली की उपचार लगेच करायचे असतात. तिथे आणखी ३ युनिट इन्सुलिन दिले असते, तर ती बेशुद्ध पडण्याची वेळ आली असती. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून दिले, पंधरा मिनिटांनी तपासले तर ६८, म्हणून तेवढेच पुन्हा दिले. त्यानंतर ९४ आल्यावर तिला पोळीभाजीचा डबा माझ्यासमोरच खायला लावला. तोपर्यंत आईला दुसरा फोन करून झाला होता.

वहीत मी दोन्ही आकडे लिहिले. ३१२ खोडले नाही. त्यापुढे ‘बोटांना तिळगूळ, हात न धुता’ अशी नोंद केली. चुकीचा आकडा गाळला, तर तो कसा आला हे पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही. लिहिताना काही चुकलेच, तर एक आडवी रेघ मारून सही करायची, व्हाइटनर लावायचे नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेले आहे.

त्या आठवड्यात आईवडिलांनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स डॉक्टरांना नेऊन दाखवल्या. डॉक्टरांनी पीटीच्या दिवसांसाठी सकाळचा डोस कमी केला, तासाआधी छोटा खाऊ सुचवला आणि जास्तीचे इन्सुलिन देण्याआधी हात धुऊन दुसऱ्यांदा तपासावे, असे योजनेत लेखी घातले. मी एक रकाना आणखी वाढवला: शिशीवर ४० आहे की १०० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट), आणि सिरिंजचे झाकण लाल आहे की केशरी. आपल्याकडे दोन्ही ताकदींचे इन्सुलिन मिळते, आणि १००च्या शिशीतले इन्सुलिन लाल झाकणाच्या, म्हणजे ४०च्या सिरिंजने भरले, तर ४ युनिटांऐवजी १० युनिट जातात. मी रजेवर असताना येणाऱ्या सिस्टरला हे तोंडी सांगून भागणार नाही.

आता सहावीची दोन दिवसांची निवासी सहल आहे. दिवसभराच्या चालण्यानंतर साखर रात्री उशिराही उतरू शकते, म्हणून रात्री दोनच्या तपासणीसाठी वेगळे पान आखले आहे. सोबत जाणाऱ्या बाईंना मी उद्या ते भरायला शिकवणार आहे.