जपान ऑनसाइट: आधी कुयाकुशो, मग कोयासान

जपानला वर्ष-दोन वर्षांसाठी कामावर जाणाऱ्यांना पहिल्याच शनिवारी जुन्या मित्रांना गाठायचं असतं. भेट होते, पण पहिले दोन आठवडे कागदपत्रांसाठीच राखून ठेवा. तिथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर अडलेला असतो. क्रम चुकला की पगार आणि फोन दोन्ही रखडतात.

विमानतळावर रेसिडेन्स कार्ड हातात पडतं. ते कायम जवळ बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. घर मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, पत्ता नोंदवायचा. तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. तिथेच रहिवासी दाखला, 'जूमिनह्यो', घ्या. दोन-तीन प्रती घेतल्या तर दुसरी खेप वाचते. त्यानंतर बँक आणि शेवटी फोनचा करार. देशात सहा महिने न झालेल्यांना पुष्कळ बँका दारातूनच परत पाठवतात. म्हणून कंपनीचं पत्र घ्या आणि कंपनी जिथून पगार काढते, त्याच बँकेत जा.

बँकेत हमखास घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असेल तर ते कार्डावरही तसंच येतं. त्यात परकी नावं लिहायच्या काताकाना लिपीत 'ल' नाही, त्यामुळे कुलकर्णींचे 'कुरुकारुनि' होतात. पहिल्या फॉर्मवर जे काताकाना लिहाल, तेच बँक, पगार आणि वीजबिल सगळीकडे ठेवा. एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे परत जातात.

भारतातली कंपनी पाठवत असेल, तर निघण्यापूर्वी ईपीएफओकडून, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून, 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घ्या. 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू असलेल्या भारत-जपान करारानुसार, पाच वर्षांपर्यंतच्या नेमणुकीत जपानी पेन्शनची कपात टळते. आरोग्यविमा मात्र भरावाच लागतो. 'दुसऱ्या वर्षी पगार का घटला?' हाही नेहमीचा प्रश्न. 1 जानेवारीला तुमचा पत्ता जपानमध्ये असेल, तर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावरचा रहिवासी कर जूनपासून कापायला लागतात. पहिल्या वर्षाची शिल्लक पाहून मोठे बेत आखू नका.

टोकियोत आपल्या लोकांची वस्ती दाट आहे ती एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला. डाळी, पोहे, मसाले तिथे मिळतात, त्यामुळे बॅगेत किलोकिलोने भरू नका. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्या तर आणूच नका, त्या विमानतळावरच काढून घेतात. नारिता विमानतळाहून एन'एक्सने, म्हणजे नारिता एक्सप्रेसने, टोकियो स्टेशन, तिथून जमिनीखालून चालत ओतेमाची आणि मग तोझाई लाइनने साधारण पाव तास. एक लक्षात ठेवा, रॅपिड गाडी निशी-कासाईला थांबत नाही. तोयोचो सोडलं की थेट उरायासू, म्हणजे दुसऱ्याच प्रीफेक्चरमध्ये (प्रांतात). डब्याच्या बाजूला 'लोकल' लिहिलेलं पाहूनच चढा.

घरातली वीज 100 व्होल्टची. आपला 230 व्होल्टचा मिक्सर लावला तर नुसता घरघरतो, ओल्या खोबऱ्याचं वाटण काही होत नाही. 750 वॅटच्या मिक्सरला किमान 1000 वॅटचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो विटेसारखा जड असतो. तिथलाच छोटा ग्राइंडर घेतलेला बरा. शेगडी आयएच, म्हणजे इंडक्शनची, असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. इंडक्शन बुडाचा, तीन लिटरचा स्टीलचा कुकर भारतातूनच न्या.

आता मित्र. जपानमध्ये 'ये रे, बघू' चालत नाही. इझाकायात, म्हणजे जपानी खानपानगृहात, चारपेक्षा जास्त जण असाल तर आधी जागा राखा. बसल्याबसल्या न मागता छोटी वाटी येते, ती 'ओतोशी'. माणशी 300 ते 500 येन बिलात लागतात, वाद घालू नका. 'नोमिहोदाई' म्हणजे हवं तेवढं प्या, पण बहुधा दोन तासच आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी. शाकाहारी मित्र असेल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप, उदोन, तेंपुराची चटणी, सगळ्यांत माशाचं 'दाशी', म्हणजे रश्शाचं पाणी, असतं. थंड टोफूवर भुरभुरवलेलं कात्सुओबुशी म्हणजेही वाळवलेला मासाच. खात्रीचे म्हणजे एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा) आणि साधा भात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते. बदलीचं स्टेशन असेल तर तिथली शेवटची गाडी बघा, आपल्या स्टेशनची नव्हे. टॅक्सीचं बिल जेवणापेक्षा जास्त येतं.

एक जण टोकियोत, एक नागोयात, एक कोबेत, अशी पांगापांग असेल तर दोन दिवसांसाठी कोयासान हे डोंगरावरचं बौद्ध देवळांचं गाव गाठा. टोकियोहून नोझोमी बुलेट ट्रेनने शिन-ओसाका अडीच तास, मिदोसुजी मेट्रोने नांबा, मग नानकाई लाइनने गोकुराकुबाशी आणि केबल कार. स्टेशनपासून गावात बसनेच जावं लागतं, त्या रस्त्यावर चालायला बंदी आहे. नऊच्या आत टोकियो सोडा, कारण देवळातल्या मुक्कामात, शुकुबोत, पाचपर्यंत पोचायचं असतं आणि जेवण साडेपाच-सहालाच. हे जेवण 'शोजिन र्योरी', कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमच्या रश्शावरचं पूर्ण शाकाहारी. आपल्या मंडळींची पंचाईत इथेच सुटते. खोल्यांना कागदी दारं असल्यामुळे रात्रभर गप्पा जमत नाहीत. त्यापेक्षा ओकुनोइन या जुन्या दफनभूमीची दोन किलोमीटरची देवदारांतली वाट चालताना बोला. 2015 मध्ये कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला, तोही बघून घ्या. गाव सुमारे 800 मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात बर्फ असतो.

तिकिटाबाबत दोन गोष्टी. जेआर पास फक्त पर्यटकांसाठी असतो, वर्क व्हिसावर मिळत नाही. आणि गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या), ओबोन (ऑगस्टमधला पूर्वजांचा सण), नववर्ष या तिन्ही गर्दीच्या काळांत नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात, ऐनवेळी रांगेत उभं राहून उपयोग नाही. जाताना उजवीकडची 'ई' सीट घ्या, हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासात फुजी दिसतो. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तिच्या जागेसह सीट आरक्षित करा, नाहीतर 1,000 येन भरावे लागतात.

गणपतीला घरी यायचं असेल तर जपान सोडताना विमानतळावर भरायच्या कार्डावर 'स्पेशल री-एंट्री' चौकटीत खूण करायला विसरू नका. ती राहिली तर वर्क व्हिसाचा दर्जा तिथेच संपतो, रेसिडेन्स कार्ड जमा होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.