तेलाची बाटली आणि अस्तंब्याचा चढ

ऐन दिवाळीत घर सोडून डोंगर चढायला निघणं बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. धुळे-नंदुरबारकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. धनत्रयोदशी आली की सातपुड्याच्या पायथ्याला तळोद्यात जथ्थे उतरू लागतात. काही गुजरातेतून येतात, काही मध्य प्रदेशातून. सगळ्यांना जायचं असतं अस्तंब्याला, अश्वत्थाम्याच्या शिखरावर. भूगोलाच्या पुस्तकात ‘अस्तंभा, १३२५ मीटर’ असं पाठ केलेलं होतं. सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे पचमढीचं धूपगड, १३५२ मीटर. म्हणजे फरक जेमतेम २७ मीटरचा. पाठ करताना पाय दुखत नव्हते, एवढंच.

तळोदा ते कोठार हा पट्टा एका वाक्यात उरकतो: ऊस, केळी, पपई, डांबर आणि ऑक्टोबरचं ऊन. कोठारनंतर सपाटी संपते आणि खरी वाट सुरू होते. देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा, भीमकुंड असे टप्पे लागतात. आमच्यातले आप्पा ही नावं स्टेशनं सांगावीत तशी सांगत होते, आणि प्रत्येक नावानंतर एकच वाक्य, “आते थोडंच ऱ्हायनं, चाल भो.” हे ‘थोडंच’ रात्रभर संपलं नाही.

असलीच्या अलीकडे एका सागाखाली दशम्या सोडल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. दिवाळीचा फराळही होता, पण करंज्यांचा एव्हाना चुरा झाला होता आणि तो चिमटीने खावा लागला. पावसाळा सरून गवत पिवळं पडलेलं. काळ्या कातळावरच्या पायवाटेवर मुरूम इतका सुटलेला की उतरताना काय होईल याची काळजी चढतानाच लागली. वाटेवर आदिवासी कुटुंबांनी चहा-पाण्याची दुकानं मांडली होती. एका बाईने आमच्या गटातल्या पोराच्या गळ्यातल्या स्पीकरकडे बघून हसत विचारलं, “देव बहिरा आहे का?” पोराने आवाज कमी केला, थोडा वेळच. मला ढोलकी चालते, जयजयकारही चालतो. त्या स्पीकरचं मात्र काही खरं नाही. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचंही. या पाड्यांतली माणसं वर्षभर या डोंगरात राहतात, आपण दोन दिवस येतो आणि बाटल्या त्यांच्या नाल्यात टाकून जातो.

अंधार पडला तो अगदी गडद. यात्रा आश्विन वद्य त्रयोदशी-चतुर्दशीची, त्यामुळे रात्री चंद्राचा प्रश्नच नाही. वर बघितलं तर विजेऱ्यांची रांग, खाली बघितलं तरी तीच. मधूनच कुणीतरी ओरडायचं, “अश्वत्थामा ऋषी महाराज की...” आणि दरीच्या पलीकडून अनोळखी गट “जय!” म्हणायचा.

चालता चालता मला राहून राहून वाटत होतं की ही यात्रा फार वेगळी आहे. अश्वत्थामा काही पूजेला बसवावा असा माणूस नाही. सौप्तिकपर्वात त्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारलं, त्यात द्रौपदीची पाचही मुलं गेली. कपाळावरचा मणी गेला, कृष्णाचा शाप लागला. आणि खान्देशात मात्र सांगतात की तो याच डोंगरांत फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो. पलीकडे नर्मदेची परिक्रमा करणारेही शूलपाणीच्या झाडीत तो भेटतो म्हणतात. ज्याने रात्रीचा घात केला, त्याच्याच भरवशावर माणसं रात्रीची चालतात. मला हे पोथीपेक्षा मोठ्या मनाचं वाटतं.

आप्पांच्या पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली होती. मी म्हटलं, “आप्पा, महाभारतात शाप तीन हजार वर्षांचाच आहे.”

“मंग ती सजा कवयच सरी गई!”

“तरी तुम्ही तेल आणलंच.”

“जखमले तेल ते लागसच ना भो.”

भीमकुंडानंतरचा चढ अंगावर येणारा आहे. काठी कामाची नाही, हात मोकळे हवेत. पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायची आणि तो थांबला की थांबायचं. गर्दीत खालून घाई करणारे असतात, त्यांना सरळ पुढे जाऊ द्यावं. पहाटे पूर्वेला चतुर्दशीची बारीक कोर उगवली आणि मागोमाग उजाडायलाही लागलं.

शिखरावर जागा थोडी, माणसं फार. नारळ, झेंडे, अगरबत्तीचा धूर. घरी त्या वेळी नरकचतुर्दशीचं अभ्यंग चाललं असणार, पाटावर बसून पोरं तेल-उटणं लावून घेत असणार. इथे आप्पांनी तेल पाषाणावर ओतलं आणि तळहातावर राहिलेलं आपल्या गुडघ्यांना चोळलं. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं धुरकट दिसत होतं, उत्तरेला नर्मदेकडे एकामागे एक डोंगर. पाच मिनिटं मिळाली असतील, मागचे ढकलायला लागले.

उतरताना मुरुमाने अपेक्षेप्रमाणे त्रास दिला. त्यावर जास्त लिहीत नाही. खाली रस्त्याला लागलो तर पिकअप गाड्या उभ्या. २०२५ च्या यात्रेत परतणाऱ्या भाविकांची अशीच एक गाडी चांदसैली घाटात उलटली आणि माणसं गेली. तरी मागच्या हौद्यात पोरं उभी होतीच, काही तर फाळक्यावर बसलेली. आमचे पाय सुजलेले होते आणि एकदोघं चढायच्या बेतात होते. चालक म्हणाला, “या ना काका, जागा आहे.”

आप्पांनी हौद्यातली डोकी मोजली. “तुनी गाडीमा जागा व्हई, घाटमा नही.”

कोठारपर्यंत पायीच उतरलो. तळोद्यात यात्रेकरूंसाठी पंगत मांडली होती, तिथे सगळ्यांत शेवटी बसलो. डाळ संपत आली होती, भात भरपूर होता.