अमाबिए काढताना

गुरुवार, रात्र

आज दिवसभर टेबलावर अमाबिए होतं, जपानी लोककथेतला समुद्रातला जीव. देशोदेशींच्या लोककथांतले प्राणी काढायला घेतल्यापासून ड्रॅगन, ग्रिफिन हाताला सवयीचे झाले आहेत. त्यांची शेकडो वर्षांची चित्रं समोर असतात, पंख कुठून फुटतो ते पाहून घेता येतं. अमाबिएचं जुनं म्हणावं असं चित्र एकच, तेही रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बातमीपत्रावरचं.

साल १८४६. जपानच्या क्यूशू बेटावरचा हिगो प्रांत, म्हणजे आजचं कुमामोतो. समुद्रात रोज रात्री काहीतरी चमकतं म्हणून तिथला एक अंमलदार पाहायला गेला. पाण्यातून हा जीव वर आला आणि त्याने नाव सांगितलं. यंदापासून सहा वर्षं पीकपाणी चांगलं होईल, पण रोगराईही पसरेल, तेव्हा माझं चित्र लवकर लोकांना दाखवा, एवढं बोलून तो समुद्रात परत गेला. ही हकिगत लाकडी ठशाने छापली गेली. तो कागद क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

माझं चित्र दाखवा, असं सांगणारा प्राणी! बाकीच्यांना आपण आपल्या हौसेने काढतो. इथे चित्र काढणं हे त्या कथेतलंच काम आहे, आणि ते अजून चालू आहे. म्हणून मला हा जीव इतका जवळचा वाटतो. २०२०मध्ये जपानभर लोकांनी तो पुन्हा काढला. शाळकरी मुलांनी काढला, नावाजलेल्या चित्रकारांनी काढला, तिथल्या आरोग्य मंत्रालयाने कोरोनाच्या सूचनांच्या पोस्टरवर घेतला. चित्र पाहिल्याने रोग टळेल असं मूळ मजकुरात कुठेही म्हटलेलं नाही. ते लोकांनी आपल्या आशेने जोडलं.

आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेत. तिथे देवीला शांत करायचं, निरोप द्यायचा. अमाबिए नैवेद्य मागत नाही, राग धरत नाही. त्याला फक्त लोकांसमोर यायचं आहे.

मूळ चित्र अगदी साधं आहे. लांबलचक केस, चोच, शंकरपाळ्यासारखे डोळे, मानेखाली खवले आणि खाली माशाच्या परांसारखी तीन टोकं. हात दिसत नाहीत. छाया नाही, खोली नाही. शरीरशास्त्राच्या सवयीने मी आधी खांदे शोधत होते, केसांखाली हाडांचा सांगाडा बसवू पाहत होते. दुपारनंतर ते थांबवलं. ही रेघ घाईची आहे, आणि ती घाई मला हवी आहे. बातमी लवकर पोचवायची होती ना! म्हणून पेन्सिलचं कच्चं रेखाटन बाजूला ठेवून सरळ ब्रश आणि काळी शाई घेतली. केसांचे फटकारे वरून खाली, न थांबता. ते छान उतरले.

डोळ्यांना मात्र हात लावणार नाही. त्यांना बाहुली आणि चमक दिली की चेहरा गोड होतो, आजच्या खेळण्यांवर असतो तसा. मूळ डोळे काहीतरी पाहून आलेले आहेत. ते तसेच राहू देत.

खवले बाकी आहेत. प्रत्येक खवला वेगळा काढायचा की नुसत्या आडव्या-तिरप्या रेघांची जाळी टाकायची, हे अजून ठरत नाही. जाळी लवकर होईल, पण लाटांच्या रेघाही तशाच आहेत. दोन्ही एकमेकांत मिसळले तर अंग कुठे संपलं ते कळणार नाही. उद्या वेगळ्या कागदावर दोन्ही करून पाहते.